सुपातलं वांगं

सुलतानपुरात मास्तर म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात माझी अख्खी शाळा एका दुधी भोपळ्यानं पळवली. गुरुवारची दुपार होती. फळ्यावर वजाबाकी लिहून मागे वळलो, तर पोरांच्या जागी नुसत्या पाट्या पडलेल्या. बाहेर येऊन पाहतो तो समोरच्या चिंचेखाली सगळा वर्ग मांडी घालून बसलेला, आणि मधोमध काळी छत्री उघडून उभ्या असलेल्या एक बाई त्या भोपळ्याच्या अंगावर ओरडत होत्या, "गप्प बस! फार माजलास! समोर कोण उभं आहे ते बघ आधी!"

समोर एक हिरवी मिरची उभी होती. भोपळा म्हणजे गल्याथ नावाचा राक्षसासारखा लढवय्या आणि मिरची म्हणजे दावीद नावाचा मेंढपाळाचा पोर, हे मला मागाहून कळलं. त्या घटकेला एवढंच कळलं की मिरची जिंकणार आहे, आणि ती जिंकेपर्यंत एकही पोर वजाबाकीकडे परत यायचं नाही. मिरची जिंकली. भोपळा गडगडत माझ्या पायाशी येऊन थांबला. पोरांनी जी आरोळी ठोकली तिच्यात माझाही आवाज मिसळला असावा, कारण बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि म्हणाल्या, "गुरुजी, प्रेत जरा इकडे द्या. संध्याकाळी भाजी करायची आहे."

बाई मिशनच्या. मूळच्या नगरकडच्या, राहायला मेहकरला. नवरा मिशनच्या शाळेत शिकवत असे, तो लवकर गेला, पोरबाळ नव्हतं. गावोगाव जाऊन मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगायच्या हे त्यांचं काम. गुरुवार सुलतानपूरचा. बैलांच्या दमणीतून उतरल्या की वेशीपासूनच त्यांची छत्री उघडायची ती परत दमणीत बसेपर्यंत मिटायची नाही, मग ऊन असो, सावली असो की पाटलांची ओसरी असो. मिटली तर ती गोष्टीसाठी. मिटलेली छत्री म्हणजे मोशेची काठी, उलटी धरली की नोहाचं तारू, आणि तिची वाकडी मूठ म्हणजे मेंढपाळाची आकडी. एकदा तिची एक काडी मोडली. मी म्हणालो, मेहकरला दुरुस्त करून आणतो. तर म्हणाल्या, "राहू द्या. तारवाला वादळ लागलेलं दिसायला हवं."

मिशननं त्यांना विलायतेहून आलेली रंगीत चित्रांची एक मोठी गुंडाळी दिली होती. चित्रं खरोखरच देखणी होती, मी पाहिली आहेत. बाई ती उलटी अंथरून तिच्यावर बसत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यातली माणसं बघा गुरुजी. वर्षानुवर्षं रानात भटकली म्हणे, पण एकाच्याही टाचेला भेग नाही. आपली पोरं विश्वास ठेवतील का?"

म्हणून गोष्टीसाठी स्वतःची अशी एक घोंगडी आणि ती छत्री, एवढंच त्या घेऊन येत. बाकी सगळं गावातून मागायचं. कुणाच्या घरचं मुसळ, कुणाची परात, कुणाच्या परसातली भाजी. "ज्या घरातून वस्तू येते ना, त्या घराचे कान तिच्या मागं मागं येतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोष्टीत काम केलेली भाजी मात्र त्या परत देत नसत. संध्याकाळी ती त्यांच्या चुलीवर चढे. ही त्यांची मजुरी. योनाला गिळणारा मासा, दावीद, गल्याथ, सगळे त्यांनी कालवणात घातले.

कापूस वेचणीचे दिवस आले की त्या राजासारख्या वागत. गावात कापसाला तोटा नाही. काळी घोंगडी चिंचेच्या फांदीवरून सोडायची आणि तिच्यावर कापसाचे पुंजके दाबत जायचं. कापूस घोंगडीला असा चिकटतो की झटकल्याशिवाय निघत नाही. बघता बघता काळ्या रानात पांढरी मेंढरं चरायला लागत. मग त्यातलं एक बाई हळूच सोडवून फुंकरीनं उडवून द्यायच्या. मेंढरू हरवलं! पोरं गवतात, दगडांखाली, एकमेकांच्या केसांत शोधत सुटायची. एका गुरुवारी ते माझ्या टोपीवर सापडलं, आणि पोरांनी मला मिरवत चिंचेखाली नेलं. सरकारी मास्तराचा मान किती राहिला असेल ते तुम्हीच ठरवा. घोंगडीच्या काठाशी त्या दिवशी पाटलाचा नातू आणि गावकुसाबाहेरची पोरं खांद्याला खांदा लावून बसली होती. मोठ्या माणसांना ते दिसत होतं, पण गुरुवारपुरतं त्यांना दिसेनासं व्हायचं.

बाईंचा खरा हट्ट वेगळाच होता. त्यांना हुंकारा लागायचा.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणावं लागतं, हे काही नवीन नाही. आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवंडं हूं हूं करतातच. पण बाईंचा नियम फाशीच्या दोरासारखा होता. वाक्य झालं की थांबायचं. हूं आलं तर पुढं. नाही आलं तर गोष्ट तिथंच ठेवायची, घोंगडी काढायची आणि घरी जायचं. पुढच्या गुरुवारी त्याच शब्दापासून सुरू. एकदा दानिएलाला सिंहांच्या खड्ड्यात नुकतंच टाकलं होतं, तेवढ्यात रस्त्यानं माकडवाला गेला. पोरांच्या माना तिकडे वळल्या आणि हुंकारा चुकला. बाईंनी छत्री उचलली. पोरं रडकुंडीला आली, दमणीमागं धावली, "बाई वो, जित्ता हाय का मेला तेवढं तरी सांगा ना वो!" बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही.

तो आठवडा माझ्या शाळेत कसा गेला ते मला विचारा. पाढे म्हणताना मधेच एखादं पोर विचारायचं, "मास्तर, सिंव्ह आंधी डोक्सं खाते का पाय?" रविवारी मी कामासाठी मेहकरला गेलो आणि बाजारात बाई दिसल्या. मी म्हणालो, "बाई, पोरांना सांगणार नाही, पण त्या दानिएलाचं पुढं काय झालं?" त्यांनी मेथीची जुडी निवडता निवडता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी या." त्या गुरुवारी चिंचेखाली सर्वांत आधी कोण जाऊन बसलं असेल ते सांगायला नको.

वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं, कारभार नागपूरच्या सरकारचा, आणि सुलतानपूर उकर्डा पाटलांचं. पाटलांच्या नावाची हकिकत गावात सगळ्यांना ठाऊक होती, त्यांच्या तोंडावर बोलायची छाती मात्र कुणाची नव्हती. त्यांच्या आधीची त्यांच्या आईची, म्हणजे थोरल्या पाटलीणबाईंची, लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे त्याला सुपात घातलं आणि सूप नेऊन उकिरड्यावर ठेवलं. टाकलेलं पोर मरणाच्या नजरेत भरत नाही म्हणतात. मग सुइणीनं ते उचललं, आपलं म्हणून घरी आणलं, आणि आईनं तिला पसाभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू विकत घेतलं. नाव ठेवलं उकर्डा. पोर जगलं, चांगलं भरभक्कम झालं, मिशा राखून पाटील झालं. पाटलीणबाई आता खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण गावात पाटलांचा शब्द चाले आणि पाटलांच्या घरात म्हातारीचा.

या घराशी बाईंचं बिनसलं ते धर्मापायी नव्हे. धर्म बुडेल अशी पाटलांना बिलकूल काळजी नव्हती. त्यांच्या गोवऱ्या बुडाल्या होत्या.

झालं असं. चिंचेच्या पलीकडे पाटलांच्या गोवऱ्यांचा ढीग होता, माणसापेक्षा उंच रचून वरून शेणानं लिंपलेला. बाईंना यरीहो नावाच्या शहराचा तट हवा होता. तटाभोवती देवाच्या माणसांनी फेऱ्या घातल्या, शेवटी एकदम गर्जना केली आणि तट कोसळला, अशी ती गोष्ट. बाईंनी ढिगाकडे बोट दाखवलं. पोरांनी फेऱ्या घातल्या, मीही घातल्या. बाईंनी तोंडानं तुतारी वाजवली, पोरांनी गर्जना केली, आणि तट कोसळला! खरोखरच कोसळला. बाईंच्या मते तो श्रद्धेचा प्रताप. माझ्या मते पाटलांचं वासरू महिनाभर त्या ढिगाला अंग घासत होतं. ते काही असो, असा जयघोष सुलतानपूरनं त्याआधी ऐकला नव्हता. आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस आला. पाटलीणबाईंनी स्वतःच्या हातानं थापलेल्या गोवऱ्यांचं सकाळी परत शेण झालं होतं.

पाटलांनी गाव चावडीवर बोलावलं. मी म्हणालो बाईंना समज द्या. पाटील म्हणाले, "बाईले हाकलाचं नाई. तसीलदार मिशनच्या सायबाच्या घरी चहा पेते. येऊ द्या तिले, सांगू द्या गोष्ट. पन हुंकारा कोनी द्याचा नाई. ना पोरानं, ना बुढ्यानं. मास्तर, तुमीबी नाई."

खरं सांगतो, मनातल्या मनात मी पाटलांच्या डोक्याला दाद दिली. बाईंना दगड मारून जे झालं नसतं ते या एका हुकमानं होणार होतं. मला त्यांचा भयंकर रागही आला.

गुरुवारी मी वेशीवर जाऊन थांबलो. बाई दमणीतून उतरल्या, छत्री उघडली. मी सगळं सांगितलं. त्या चालता चालता थांबल्या.

"मिशनमध्येही गोवऱ्या पोचल्या आहेत, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाईंनी सांगितलंय, गाव ऐकत असेल तर जा. नाही तर पुढच्या गुरुवारपासून बुलढाण्याला शिवणवर्ग. मला सुईत दोरा ओवता येत नाही. आणि गप्प बसणं तर त्याहून येत नाही."

"मग आजच्या दिवस हुंकाऱ्याशिवाय सांगा ना," मी म्हणालो. "कोण विचारतंय?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती. "हूं नाही तर गोष्ट नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगते आणि समोर कुणी नाही, असं झालं तर ते भाषण, गुरुजी. भाषणं द्यायला मिशनमध्ये पुष्कळ माणसं आहेत."

चिंचेखाली सारं गाव जमलं होतं. गोष्टीला नव्हे, गोष्ट पडलेली पाहायला. पोरं तोंडावर हात दाबून बसली होती. पाटील बाजेवर होते. मी बोलून बसू नये म्हणून तोंडात पान कोंबलं. बाईंनी घोंगडी अंथरली आणि नेहमीसारखा गावाला पुकारा केला, "आज भोपळा कोण देतं?" कुणी हललं नाही. "बरं, परात? दोरी? एखादा कांदा?" एवढ्या मोठ्या गावातून एक कांदा निघाला नाही. बाईंच्या त्या घोंगडीवर मी पहिल्यांदाच काही नाही असं पाहिलं.

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. पाटलांच्या ओट्यावर म्हातारी पाटलीणबाई ज्वारी पाखडत बसली होती. हुकूम कुणी मोडत नाही ना, यावर तिची नजर होती. तिच्या हातातलं सूप तेवढं त्या अख्ख्या दुपारी हलत होतं. सूप, पाखड, सूप, पाखड.

बाईंचे डोळे तिथं थांबले. "एक होता राजा," त्या म्हणाल्या. "फारो त्याचं नाव. त्यानं हुकूम काढला, की गुलामांच्या घरी मुलगा जन्मला की मारायचा. आणि अशात एका माउलीला मुलगा झाला."

त्या गुंडाळीतलं टोपलीतल्या लेकराचं चित्र मला एकदम आठवलं, पुढचं दिसलं आणि मी पान चावायचं विसरलो. बाईंना या गावातलं ते जुनं काहीच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाटलांकडे पाहिलं. ते मिशीला पीळ देत बसले होते.

पहिल्या वाक्यांना कुणी हूं म्हटलं नाही. बाईंनी कधी नव्हे ते थोडं सैल सोडलं, जणू गावाला एक संधी आणखी देत होत्या. "लपवलं तिनं लेकरू. पण लेकरू मोठं होणार, रडणार. किती दिवस लपवायचं? मग तिनं काय घेतलं असेल?" त्यांनी छत्रीनं ओट्याकडे दाखवलं. "त्या आजींच्या हातात आहे ना, अगदी तसलं घेतलं. नीट सारवलं. आत मऊ कापड घातलं. वर लेकरू ठेवलं. नदीवर गेली, लव्हाळ्यात ठेवून दिलं, आणि आई पाठ फिरवून घरी गेली."

सगळ्या माना ओट्याकडे वळल्या होत्या. सूप थांबलं होतं.

बाई थांबल्या. हूं आलं नाही. पोरांचे डोळे हातांवरून बाहेर येत होते. बाई हुंकाऱ्यासाठी उभ्या राहिल्या, मग खाली वाकल्या आणि घोंगडीचं टोक हातात घेतलं. घोंगडीची एक घडी झाली. दुसरी झाली. पाटील बाजेवरून उठायला लागले.

"हूं."

आवाज ओट्यावरून आला. बाईंचा हात घोंगडीवरच राहिला.

"हूं म्हनून राह्यली मी," पाटलीणबाई म्हणाली. "पन तू खोटं सांगतं वो बाई. मायनं सूप ठेवलं अन् पाठ फिरवून निंगून गेली? काऊन जाईन ते? कोन्ती माय जाते अशी? आडून पाह्यत असन ते. कुत्रं येते का, डुक्कर येते का, पाह्यत असन."

बाईंनी घोंगडी खाली ठेवली. "चुकलं माझं, आजी," त्या म्हणाल्या. "लेकराची बहीण ठेवली होती आडोशाला. ती बघत होती."

"हां, मंग!" म्हातारी म्हणाली. "मी सोता उभी होती. बाभळीच्या आड."

पाटील पुढे झाले. "माय..." ते म्हणाले.

"चूप बे उकर्ड्या! गोष्ट ऐकू दे. हां वो बाई, मंग? कोनं उचललं माह्या... त्या लेकराले?"

"राजाच्या लेकीनं," बाई म्हणाल्या.

"हूंऽऽ!" पोरांच्या तोंडावरचे हात एकदम सुटले, आणि तो हुंकार असा उठला की गोवऱ्यांचा ढीग शाबूत असता तर परत कोसळला असता. मी पान थुंकलं आणि हूं म्हणालो. माझ्या शेजारचा कोतवाल हूं म्हणाला. चावडीवर हुकमाला मान डोलावलेले सगळे बुढे हूं म्हणाले.

म्हातारी ओट्यावरून उतरली. ज्वारी तिनं पदरात घेतली आणि रिकामं सूप आणून घोंगडीच्या मधोमध ठेवलं. मग त्यात वाकून पाहिलं. "लेकरू कुठं हाय?"

"आज कुणी काही दिलं नाही, आजी," बाई म्हणाल्या.

म्हातारी वळली. "उकर्ड्या, घरातून वांगं आन."

पाटील, ज्यांच्या हाकेनं बैल दावणीला उभे राहत, ते निमूट घरात गेले. दारातून त्यांचा आवाज आला, "माय, कोन्तं आनू?"

"बारकं आन. बारकाच होता तू."

पाटलांनी वांगं आणलं. सगळ्या गावादेखत ते वाकले आणि दोन्ही हातांनी ते सुपात ठेवलं, देठ वर करून, हळू. कुणी हसलं नाही. मग बाईंनी पुढची गोष्ट सांगितली. राजाच्या लेकीला लेकरासाठी दाई हवी होती, आडोशाची बहीण पुढं झाली, म्हणाली मी आणते, आणि तिनं आणली ती लेकराची खरी आई. आपलंच लेकरू पाजायला तिला राजवाड्यातून बोलावणं आलं. या जागी म्हातारी रडत होती आणि हसत होती, आणि प्रत्येक वाक्याला हूं तिचा सगळ्यांत आधी होता. ते लेकरू पुढं मोशे म्हणून मोठं झालं तेव्हा वांगं बाईंच्या हातात उंच गेलं आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

"पुढच्या गुरुवारी लवकर ये," म्हातारी बाईंना म्हणाली. "अन् गवऱ्यापासून लांब बस."

बाईंनी छत्री उघडली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि नेहमीच्या सवयीनं मजुरीचं वांगं उचललं. म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं. "ते नाई नेऊ द्याची मी तुले." तिनं पदर सोडला, पसाभर ज्वारी बाईंच्या ओंजळीत घातली आणि वांगं त्यांच्या हातून काढून घेतलं. ते छातीशी धरून ती ओटा चढली.

पोरं वेशीपर्यंत आमच्यामागं हूं हूं करत आली. दमणी थांबली होती. बाईंनी ज्वारी पदराच्या गाठीत बांधली आणि मला म्हणाल्या, "एका वांग्याला पसाभर ज्वारी? गुरुजी, हे काय होतं?"

मी म्हणालो, "पाटलीणबाईंची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याला सुपात घातलं."

मी थांबलो. बाईंनी भर उन्हात छत्री मिटली. त्या रस्त्यात माझ्यासमोर नीट उभ्या राहिल्या, आणि आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांकडून तो मागून घेतला त्या बाईंनी मला हुंकारा दिला.

"हूं," त्या म्हणाल्या. "मग?"